जाड, लांब की वजनदार? वावरासाठी मोठा कोयता घ्यायचाय (नागपूर)

धुरा_काटोल

नमस्कार मंडळी. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. मी नागपुरात राहतो, पण सुटीचे दिवस वावरातच जातात. धुऱ्यावर (बांधावर) बाभूळ आणि बोर माजलीय, घाणेरीनं वाट अडवलीय, विहिरीजवळ बांबूचं बेट आहे. आजवर पातळ पत्र्याचा कोयता वापरला. घाणेरीवर तो उत्तम चालतो. वाळलेल्या बाभळीची मनगटाएवढी फांदी समोर आली की मात्र पातं वाकतं, नाहीतर धार दुमडते.

आता एकदाच दणकट काहीतरी घ्यायचंय. पाहिलेले पर्याय असे: लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याचा 12 इंची कोयता करून घेणं, ब्राझीलच्या ट्रॅमोन्टिनाची 18 इंची मशेटी (लांब, पातळ पात्याचा कोयता), नेपाळी खुकरी, आणि मित्र म्हणतो ती का-बार कंपनीची बीके-9 (मोठा चाकू), जी या सगळ्यांत महाग.

लांबी जास्त म्हणजे ताकद जास्त का? जाडी किती असावी? ज्यांनी ही हत्यारं खरोखर वापरली आहेत त्यांनी सांगा.

भट्टीवाला

हिंगण्याला हीट ट्रीटमेंटच्या (पोलाद तापवून, थंड करून हवं तसं कठीण करण्याच्या) कामात आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

लांबी, जाडी, वजन आणि चिवटपणा या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात चारही एकाच दमात "मजबूत" म्हणून विकल्या जातात आणि तिथंच माणूस फसतो.

आधी वजन बघा. पोलाद घन सेंटीमीटरला साधारण 7.85 ग्रॅम भरतं. 12 इंच लांब, 5 सेंटीमीटर रुंद, 5 मिमी जाड पट्टी 600 ग्रॅमच्या घरात जाते. धारेकडचा उतार घासून काढला की 450 ते 500 उरतात. तेवढ्याच रुंदीची 18 इंची मशेटी 2 मिमी जाडीची असेल तर सगळी मिळून 360 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दीडपट लांब असूनही ती हलकी. तिची ताकद वेगात आहे. टोक लांब, म्हणून फिरतं जोरात. हिरव्या, लवचिक झुडपाला वेगच लागतो, कारण हळू मारलं तर फांदी नुसती झुकते. वाळल्या लाकडाला वेग पुरत नाही, मागं वजन लागतं.

आता जाडी. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. 2 मिमी आणि 5 मिमी यांत ताठपणाचा फरक अडीच पट नाही, पंधरा पटींहून जास्त आहे. तुमचं पातं वाकण्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण बहुधा पोलादच नसणं. साध्या लोखंडात कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला कितीही पाणी द्या (म्हणजे तापवून एकदम थंड करा), ते कठीण होत नाही. कमानीच्या पाट्यात तो 0.5 ते 0.6 टक्के असतो, सोबत सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. हे पोलाद बनवलंच आहे खड्ड्यांचे धक्के खाऊन न तुटण्यासाठी. मोठ्या कोयत्यासाठी यापेक्षा सरस आणि परवडणारा माल आपल्याकडे नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

आणि चिवटपणा. कठीणपणा म्हणजे धार न झिजणं, न दुमडणं. चिवटपणा म्हणजे आघात सोसून न तुटणं. एकाच पोलादात एक वाढवला की सहसा दुसरा घटतो. कानस कठीणपणाच्या रॉकवेल मापावर 60 च्या वर असते, म्हणून फरशीवर आपटली तर मोडू शकते. स्वयंपाकाची चांगली सुरी 56 ते 60, तोडकामाचं मोठं हत्यार 52 ते 57, पातळ मशेटी त्याहून थोडी मऊच ठेवतात. मशेटी दगडावर बसली तर धार दुमडावी, तुकडा उडू नये, असा हिशोब असतो. हा तिचा दोष नाही, तशीच ती घडवलेली असते.

तुमच्या चार पर्यायांत माझं मत कमानीच्या पाट्याला. पण लोहार चांगला हवा. त्याबद्दल नंतर लिहितो, आत्ता शिफ्ट सुरू होतेय.

बांबू_तुमसर

भाऊ, दीड सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घ्या. दोन सुताचा करू नका. लोकाले वाटते जेवढा जाड तेवढा भारी, मंग दुपारपर्यंत हात उचलत नाई. आमच्या इकडं बांबू तोडणारी माणसं दिवसभर तोडतात, त्यांचा कोयता हातात घेऊन पाहा. पाठीकडं जाड, टोकाकडं रुंद, मुठीपाशी बारीक. वजन सारं पुढं. पुढं वजन असलं की हात फक्त दिशा देते, तोडते कोयता.

बांबूचं अजून एक. त्याच्या सालीत वाळूचाच अंश असते, धार लवकर खाते. लोखंड कितीबी चांगलं असो, कानस सोबत ठेवाच. आणि बांबू आडवा तोडू नका, तिरपा घाव घाला, पेराच्या जरा वर. आडव्या घावानं हत्यार उसळते.

खुकरी_प्रेमी

मी खुकरीच्या बाजूनं बोलतो. चांगल्या खुकरीची पाठ 8 ते 10 मिमी जाड असते, पातं पुढं झुकलेलं, त्यामुळे लांबी कमी असूनही घाव खोल बसतो. नेपाळातले कारागीर तापवलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीनं पाणी ओततात. धार कठीण होते, पाठ चिवट राहते. सगळं पातं बुडवून कठीण करण्यापेक्षा ही पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते. वाळलेली बाभूळ तोडायला, लाकूड फोडायला खुकरीला तोड नाही.

भट्टीवाला

@खुकरी_प्रेमी, पाण्याच्या पद्धतीबद्दल पूर्ण सहमत. आपल्याकडचे जुने लोहारही फक्त धारेकडचा भाग बुडवतात, तत्त्व तेच.

पण 10 मिमीच्या पाठीची किंमत मोजावी लागते. पातं पाचरीसारखं होतं, लाकूड फोडायला ते हवंच, मात्र घाणेरीत आणि बोरीत ती जाडी फुकट वाहून न्यायची. शिवाय लांबी कमी, म्हणजे काट्यांच्या जास्त जवळ जायचं. बोरीच्या झुडपात हात घातलेल्याला हे सांगावं लागणार नाही.

बीके-9 चं विचारलंय. त्याच कंपनीची बीके-2 शेजारी ठेवून बघा. बीके-2 चं पातं सव्वापाच इंच आणि जाडी 6 मिमीहून जास्त. बीके-9 नऊ इंच आणि 5 मिमीच्या आत. दोघींचं वजन अर्ध्या किलोच्या आसपासच. जाड असूनही बीके-2 तोडकामात मागं पडते, कारण तिचं वजन मुठीतच बसतं. बीके-9 चं वजन मुठीपासून लांब, म्हणून घाव बसतो. चाकू म्हणून ती उत्तम आहे, पोलाद 1095 या जास्त कार्बनच्या जातीचं, मूठ सुटी करता येते. पण धुऱ्याच्या कामाला नऊ इंच अपुरे, आणि त्या पैशात लोहाराकडून चांगले कोयते एकाहून जास्त होतील.

वरूडची_बाग

दादा, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. धुऱ्यावर काय वापरायचं ते वापरा, पण कोयता संत्र्याच्या झाडाला लावू नका. आमच्याकडे मजूर सल (वाळलेल्या फांद्या) काढायला कोयता घेऊन येतात आणि मी प्रत्येक वेळी परत पाठवते. कोयत्यानं फांदी तुटते तेव्हा साल खाली सोलत जाते, जखम मोठी होते आणि तिथूनच रोग शिरतो. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) एकदा बागेत आला की किती झाडं जातात ते तुम्हाला माहीत असेल.

सल आणि पाणसोट (जोमानं सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढायला कात्री, जाड फांदीला छाटणीची आरी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना अवजार एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. पण ते लोखंड खातं, म्हणून संध्याकाळी अवजार धुऊन, पुसून तेल लावा. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ते लोखंडाच्या भांड्यात कालवू नका, प्लास्टिकचा ड्रम घ्या.

म्हणजे तुम्हाला एक हत्यार पुरणार नाही. दोन लागतील, आणि दुसरी आरी असू द्या. मनगटापेक्षा जाड वाळलं लाकूड आरीनं कमी श्रमात आणि सरळ कापलं जातं. त्यासाठी कोयता जाड करत बसण्यात अर्थ नाही.

धुरा_काटोल

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडेही सल कोयत्यानंच काढतात. या हंगामापासून बंद.

भट्टीवाले दादा, लोहाराचं लिहाच. आणि कोणी सांगेल का, हा कोयता नागपूरहून गाडीवर नेताना काही अडचण?

कायदा_सदर

नेण्याबद्दल. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं पाचव्या वर्गात येतात आणि खुकरीचं नाव तिथं थेट घेतलेलं आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळली आहेत. म्हणजे कोयता शेतीचं अवजार म्हणून चालतो. मात्र महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली शहरात शस्त्रं बाळगून फिरण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघतात, आणि कोयत्यानं होणाऱ्या गुन्ह्यांमुळे पोलिसांची नजर त्यावर असतेच.

म्हणून उघडा कोयता दुचाकीला अडकवून नेऊ नका. पात्याला जाड पुठ्ठा किंवा कातडी म्यान, वर पोतं, दोरीनं बांधून बाकीच्या शेतीच्या सामानासोबत ठेवा. सर्वांत चांगलं म्हणजे तो वावरातल्या खोलीतच कुलपात राहू द्या. दुधारी, खंजिराच्या आकाराचं काही ऑनलाइन मागवू नका. शेतीत त्याचं काम नाही, आणि अडवलं तर सांगायला कारणही नाही.

भट्टीवाला

शिफ्ट संपली, आता लोहाराचं.

पाटा आधी स्वतः तपासा. जुन्या कमानीत थकव्यानं बारीक तडे गेलेले असू शकतात, डोळ्याला दिसत नाहीत. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर रॉकेल झिरपून ओली रेघ उमटते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घेऊच नका. इतवारीच्या लोहा ओळीत चौकशी करून नवा पट्टा मिळाला तर प्रश्नच मिटला.

माप: पातं 12 इंच, पाठ मुठीपाशी 5 मिमी, टोकाकडे 4 पर्यंत उतरलेली, तयार पात्याचं वजन मूठ सोडून 500 ग्रॅमच्या आत. मूठ मावेल तेवढं पोलाद मागं राहू द्या, पात्याच्याच रुंदीचं, दोन्ही बाजूंनी लाकूड आणि मधून रिव्हिट. टोकदार दांडा लाकडात ठोकलेली मूठ आपल्या उन्हाळ्यात लाकूड आटलं की सैल होते, आणि सुटलेलं पातं कुठं जाईल सांगता येत नाही. तसाच करायचा असेल तर शेंबी (मुठीच्या तोंडावरची धातूची कडी) पक्की हवी. पातं आणि मूठ मिळतात तिथं काटकोनी खाच ठेवू देऊ नका, गोलाई हवी. मोठी हत्यारं तुटतात ती बहुतेक त्याच कोपऱ्यातून. पाठीवर करवतीचे दातही नकोत, प्रत्येक दात म्हणजे तडा सुरू व्हायची जागा.

पाणी देताना लोहाराजवळ उभे राहा. पातं तापवल्यावर लोहचुंबक चिकटेनासं झालं की त्याहून थोडं वर, लाल-केशरी, आणि मग कोमट तेलात. कमानीचं पोलाद थंड पाण्यात सगळं बुडवलं तर चिरण्याची भीती असते. लगेच कानस लावून बघा. घसरली तर धार कठीण झाली, रुतली तर पुन्हा तापवायला सांगा.

इथं बरेच जण थांबतात. थांबायचं नाही. या अवस्थेत पातं काचेसारखं ठिसूळ असतं. धारेची बाजू घासून चमकवायची आणि पाठीकडून हळूहळू तापवायचं. पिवळसर रंग साधारण 220 अंशांना येतो, तपकिरी 250 ला, जांभळा 280 ला, निळा 300 च्या आसपास. धारेला तपकिरी-जांभळा आणि पाठीला निळा आला की बाजूला काढायचं.

बांबू_तुमसर

मूठ धावड्याची करा जी. आमच्याकडं कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच असतात, हादरा खाते, फाटत नाई. जवसाचं तेल चोळून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, उन्हात नाई. पाण्यात भिजवून घट्ट केलेली मूठ वाळली की आधीपेक्षा सैल होते.

धुरा_काटोल

ठरलं. कमानीच्या पाट्याचा 12 इंची, दीड सुताचा, आणि सोबत छाटणीची आरी. जुना पातळ कोयता घाणेरीसाठी राहीलच. धार किती कोनाची ठेवू?

भट्टीवाला

लाकडासाठी दोन्ही बाजूंनी 20 ते 25 अंश, आणि धार सपाट न ठेवता किंचित गोलसर, म्हणजे मागं पोलादाचा आधार राहतो. बाभळीवर तुकडे उडाले तर कोन वाढवा, घाव उथळ बसू लागला तर कमी करा. धार कानशीनं लावा, नंतर कुरुंदाचा दगड. रस्त्यावरच्या विजेच्या ग्राइंडरवर देऊ नका. तिथं धारेवर निळा डाग पडला की समजा तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, आणि तो भाग पूर्ण घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही.