भविष्याचा इतिहास कोणत्या टोकापासून लिहावा? (विज्ञानकथात्मक रोलप्लेइंग कॅम्पेनसाठी सल्ला हवा)

मंदकक्षा (धागाकर्ता)

नमस्कार. चार खेळाडूंसाठी मी एक दीर्घ रोलप्लेइंग कॅम्पेन (खेळाडू पात्रे होऊन अनेक बैठकींत पुढे नेतात अशी सलग कथा) तयार करीत आहे. खेळाचा वर्तमानकाळ इ. स. २३४० आहे. कथानक सूर्यमालेबाहेर जात नाही, प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास शक्य झालेला नाही आणि परग्रहवासी कोठेही नाहीत. चंद्रावर, मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात मोठ्या वसाहती आहेत, पृथ्वीभोवती फिरती वसतिस्थानके आहेत, मात्र बहुसंख्य माणसे अजूनही पृथ्वीवरच राहतात. एवढे ठरलेले आहे आणि त्यात बदल करण्याची माझी इच्छा नाही.

अडचण मधल्या तीनशे वर्षांची आहे. आजपासून पुढे सरकत सनावळी लिहायला घेतली की दर पन्नास वर्षांनी एक युद्ध, एक तह आणि एक नवा शोध एवढेच हाती लागते, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेल्या तक्त्यासारखे निर्जीव वाटते. इतिहास नेमका किती लिहावा, कोणत्या टोकापासून लिहावा, आणि घटनांना युद्धाखेरीज दुसरी कारणे कोठून आणावीत, याबद्दल अनुभवी गेममास्टरांनी (खेळाचे जग रचून तो चालवणाऱ्यांनी) मार्गदर्शन करावे. एखादी पद्धत किंवा एखादा खेळ उपयोगी पडला असल्यास तोही सुचवावा.

परिवलन

सुरुवात २३४० पासून करा आणि मागे जा. आपल्या पात्रांना पहिल्या काही सेशनमध्ये (खेळाच्या बैठकींत) ज्या भांडणांना सामोरे जावे लागणार आहे ती दोन किंवा तीन भांडणे आधी लिहून काढा, आणि प्रत्येकाखाली दोन कारणे लिहा: एक लोक एकमेकांना सांगतात ते, आणि दुसरे कागदपत्रांतून निघते ते. या दोहोंत अंतर पडले की तेथे इतिहास आपोआप तयार होतो. ज्या घटनेचा माग आजच्या कोणत्याही भांडणापर्यंत, कायद्यापर्यंत किंवा कर्जापर्यंत येत नाही ती घटना, कितीही भव्य असली तरी, खेळाच्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आपण प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास नाकारला आहे, म्हणजे राजकारणाचा निम्मा आराखडा भौतिकशास्त्रानेच आखून दिलेला आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामधील संदेशाला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणजे गप्पा शक्य नाहीत, पण हुकूम त्याच दिवशी पोहोचतो. माणसे आणि शस्त्रे मात्र तशी पोहोचत नाहीत. कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने मंगळाच्या प्रवासास सुमारे साडेआठ महिने लागतात आणि त्या मार्गाची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते. त्यामुळे संदेशाच्या विलंबापेक्षा बळाच्या विलंबाकडे लक्ष द्यावे. मंगळावर बंड करणारा शहाणा मनुष्य प्रक्षेपणाची संधी नुकतीच संपलेली असतानाच बंड करील, कारण त्यानंतर निघणारे पहिले सैन्य त्याच्या दारी पोहोचण्यास जवळजवळ तीन वर्षे लागतील. आणि जी जहाजे बंडाच्या आदल्या आठवड्यात निघालेली होती, त्यांतील प्रवासी एका सरकारचे नागरिक म्हणून निघून दुसऱ्याच सरकारच्या हद्दीत उतरतील. त्या एका जहाजावर अख्खे कॅम्पेन चालू शकेल.

यावरून एक अट निघते. अधिक समर्थ इंजिन आले की या संधींचे महत्त्व घटते, म्हणून ते इंजिन केव्हा आले, आणि त्याहीपेक्षा ते कोणाला परवडू लागले, ही आपल्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची तारीख समजावी. सर्व युद्धे तिच्या अलीकडची की पलीकडची हे आधी ठरवा. बाकीच्या तारखा नंतर ठरवल्या तरी चालतील.

खनिजवेध

परिवलन यांच्या मताशी सहमत आहे. त्यात कारणांविषयी भर घालतो. युद्धाचे कारण म्हणून एखाद्या खनिजाचे नाव लिहून गेममास्टर पुढे निघून जातात, परंतु त्या खनिजाचे संपूर्ण आयुष्य लिहिले तर तीनशे वर्षांपैकी शंभर वर्षे एकट्या त्यातूनच भरून निघतात.

खऱ्या इतिहासातील सोऱ्याचे (नायट्रोजनयुक्त क्षाराचे) उदाहरण पाहण्यासारखे आहे. दक्षिण अमेरिकेतील अटाकामा वाळवंटातला सोरा खतासाठी आणि स्फोटकांसाठी जगाला हवा होता. त्या प्रदेशावरून १८७९ साली चिली विरुद्ध पेरू आणि बोलिव्हिया असे युद्ध पेटले, आणि त्यात बोलिव्हियाने समुद्रकिनारा गमावला, तो आजतागायत परत मिळालेला नाही. पुढे हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची हाबर-बॉश पद्धत निघाली, १९१३ साली जर्मनीत तिचा कारखाना सुरू झाला, आणि नंतरच्या काही दशकांत सोऱ्याचा व्यापार कोसळला. हंबरस्टोनसारखी खाणकामगारांची गावे ओस पडली. २००५ सालापासून ते गाव जागतिक वारसास्थळ आहे. ज्या वस्तूसाठी माणसे मेली ती वस्तू एका रासायनिक प्रक्रियेने कवडीमोल झाली, पण नकाशावरची रेषा मात्र कायम राहिली. भविष्याच्या इतिहासात मला नेहमी हा शेवटचा भाग हरवलेला दिसतो.

आपल्या सूर्यमालेत हेच नाट्य, योगायोगाने, पुन्हा नायट्रोजनवरच रचता येईल. फिरत्या वसतिस्थानकांना श्वासासाठी प्राणवायू लागतो आणि तो खडकांतून काढता येतो. परंतु हवा केवळ प्राणवायूची ठेवली तर आगीचा धोका वाढतो आणि शेतीलाही नायट्रोजन लागतोच. चंद्रावर तो अगदीच नगण्य आहे. शनीच्या टायटन या उपग्रहाचे वातावरण मात्र सुमारे ९५ टक्के नायट्रोजनचे असून तेथील पृष्ठभागावरचा दाब पृथ्वीच्या जवळपास दीडपट आहे. तेव्हा बाविसाव्या शतकाच्या अखेरीस टायटनवर एक सनदी कंपनी उतरली, असे धरून चाला. पर्याय कोणता? मंगळाचे वातावरण अत्यंत विरळ आहे आणि त्यात नायट्रोजन तीन टक्क्यांहूनही कमी आहे. तो वेगळा काढण्याचा खर्च परवडत नाही तोवर टायटनची चलती, आणि ज्या वर्षी मंगळावर स्वस्त ऊर्जा आली त्या वर्षी टायटनचा बाजार उठला.

कंपनीच्या बाबतीत एक सूचना: तिला एका फटक्यात नाहीशी करू नका. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली सनद मिळाली, १८५८ साली तिचा राज्यकारभार राजसत्तेकडे गेला, तरी कंपनी कागदोपत्री १८७४ पर्यंत जिवंत होती. सत्ता गेलेली, पण हिशेब न मिटलेला, अशी सोळा वर्षे खेळासाठी फार सुपीक असतात. कायद्याची बाजूही तयारच आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडांवर सार्वभौमत्वाचा दावा करता येत नाही, परंतु काढलेल्या खनिजाची मालकी कोणाची याविषयी करार स्पष्ट बोलत नाही, आणि अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आपल्या नागरिकांना ती मालकी देऊन टाकली. जमीन कोणाचीच नाही आणि माल मात्र कंपनीचा, या फटीतून आपली कंपनी सहज आत शिरेल.

उलटगणती

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. गेममास्टरने एकट्याने बसून रचलेला इतिहास गेममास्टरलाच आवडतो. बेन रॉबिन्स यांचा ‘मायक्रोस्कोप’ (२०११) हा खेळ नेमका याच कामासाठी आहे, आणि मी तो सुचवीन. त्यात सर्वजण मिळून इतिहासाची सुरुवात आणि शेवट आधीच ठरवतात, कोणत्या गोष्टी जगात असतील आणि कोणत्या नसतील याची यादी करतात, आणि मग कोणीही कोणत्याही काळात उडी मारून एखादे युग, घटना किंवा प्रसंग घालतो. आपल्या पाळीत दुसऱ्याने सूचना करायची नाही, हा नियम कडक वाटतो, पण अबोल खेळाडू त्यामुळेच बोलू लागतात.

‘ट्रॅव्हलर’ या १९७७ सालच्या खेळाकडूनही एक युक्ती घेण्यासारखी आहे. तेथे पात्र तयार करतानाच त्याच्या नोकरीची चार-चार वर्षांची सत्रे फाशांनी ठरत जातात (मूळ नियमांत तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरू शकत असे). आपण प्रत्येक पात्राचे एक सत्र इतिहासातील एका घटनेवर आणून ठेवा. मग टायटनचा बाजार उठला हे खेळाडूला सांगावे लागत नाही. त्याच्या पात्राचा पगार त्याच वर्षी बुडालेला असतो.

परिवलन

उलटगणती यांना एक शंका विचारतो. सर्व इतिहास खेळाडूंनीच रचला तर रहस्य कोठे उरते? समजा, ज्या खेळाडूने कंपनीचा एखादा अपघात स्वतः लिहिला, त्याला त्या अपघाताचा शोध घेण्यात गोडी कशी वाटेल?

उलटगणती

अपघात त्याने लिहावा, कारण मात्र गेममास्टरने आपल्याजवळ ठेवावे. घटना सर्वांच्या, कारणे एकाची, अशी वाटणी आमच्या गटात चांगली चालते. अर्थात ज्या कॅम्पेनचा गाभाच रहस्य आहे तेथे ‘मायक्रोस्कोप’ वापरू नये, हे मला मान्य आहे.

मंदकक्षा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. टायटन आणि नायट्रोजन निश्चित करतो. कंपनीचा व्यापार २३३४ साली कोसळला असे ठरवले आहे. ‘मायक्रोस्कोप’ एका बैठकीपुरता वापरून पाहीन. आता प्रश्न असा, की हा इतिहास खेळाडूंपर्यंत न्यावा कसा? लांबलचक टिपण पाठवले तर ते कोणी वाचत नाही आणि सेशनमध्ये वाचून दाखवले तर सर्वांचे लक्ष उडते.

दफ्तरदार

टिपण पाठवू नये. त्या जगातला कागद हातात द्यावा. १७६१ साली पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, ज्यात दोन मोती गळाल्याचा आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचा सांकेतिक उल्लेख होता. त्या एका ओळीत युद्ध आहे, बातमी कोण वाहून नेतो ते आहे, आणि उघड लिहिण्याची भीतीही आहे. कोणत्याही बखरीतील वर्णनापेक्षा ती ओळ लोकांच्या अधिक लक्षात राहिली आहे.

आपल्या कॅम्पेनसाठी मी नायट्रोजनच्या टाकीची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) तयार करीन. छापील मजकूर असा: “टाकी ४१-ब. भरणा टायटन, उत्तर गोदी. दाब तपासला. वजनात तूट आढळल्यास जबाबदारी माल स्वीकारणाऱ्याची.” त्यावर तिरका शिक्का: “कंपनीचे दायित्व संपुष्टात.” आणि मागच्या बाजूस पेन्सिलीने: “आम्ही चौघे टाकीसोबतच आहोत.” एवढे वाचून खेळाडू स्वतःहून तीन प्रश्न विचारतील, आणि त्यांची उत्तरे म्हणजेच आपला इतिहास. कागदाचा मजकूर हातातल्या एका पानाबाहेर जाऊ देऊ नये, आणि प्रत्येक कागद कोणाला तरी हवा असलेला किंवा कोणाला तरी नष्ट करायचा असलेला असावा. निव्वळ माहितीपर कागद खेळाडू बाजूला ठेवतात.

शक्य असल्यास एकाच घटनेचे परस्परविरोधी असे दोन कागद तयार करावेत आणि खरे कोणते ते आपणही लगेच ठरवू नये. खेळाडूंचे तर्क ऐकून मग ठरवावे. त्यांचे तर्क अनेकदा आपल्या मूळ कल्पनेपेक्षा सरस असतात.

खनिजवेध

दफ्तरदार यांच्या बिल्टीवरून एक हिशेब केला, तो येथे देतो. शनीपासून पृथ्वीपर्यंत कमीत कमी ऊर्जेच्या मार्गाने मालाला सुमारे सहा वर्षे लागतात, आणि त्यासाठी योग्य स्थिती साधारण ३७८ दिवसांनी, म्हणजे वर्षाला जवळपास एकदा, येते. माणसे वेगवान जहाजांनी जात असली तरी जड माल स्वस्त मार्गानेच जाणार. म्हणजे कोणत्याही क्षणी मालाचे पाच-सहा तांडे वाटेत असतात. भाव कोसळल्याचा संदेश टायटनला साधारण एक ते दीड तासात मिळेल, पण तोवर निघालेल्या तांड्यांना ना परत फिरता येते ना थांबता. निघताना ज्या मालावर कर्ज काढले होते तो माल वाटेतच कवडीमोल झालेला आहे, आणि त्याच्या रखवालीसाठी बसवलेल्या माणसांच्या मालकाचे दायित्व शिक्का मारून संपवलेले आहे.

आपण २३३४ हे साल ठरवले आहे. तेव्हा टायटनहून निघालेला अखेरचा तांडा २३४० साली, आपल्या पहिल्या सेशनच्या सुमारास, पृथ्वीजवळ पोहोचतो. त्याआधीच्या पाच तांड्यांचे काय झाले, ते कोणी उतरवून घेतले आणि कोणते उतरवूनच घेतले नाहीत, एवढे लिहिले तरी २३३४ ते २३४० या काळासाठी दुसऱ्या कोणत्याही युद्धाची गरज पडणार नाही.

मंदकक्षा (धागाकर्ता)

हे तारखांचे जुळणे मला सुचलेच नव्हते. पाच तांड्यांची नोंद आज रात्री लिहायला घेतो. तिसरा तांडा कोणीच उतरवून घेतला नाही असे ठेवतो आहे, आणि त्याचे कारण, उलटगणती यांच्या वाटणीप्रमाणे, माझ्यापाशीच राहील.