चारशे ओळींच्या कामाला टाइपस्क्रिप्टचा घाट कशाला?

अर्धविराम: एका सोसायटीला मेंटेनन्सची बिलं काढायचं छोटं पान लिहून दिलं. साधी जावास्क्रिप्ट, चारशेएक ओळी. हाताखालचा पोरगा विचारतो, "सर, टाइपस्क्रिप्टमध्ये का नाही केलं?" टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच, फक्त कुठे आकडा, कुठे मजकूर हे 'टाइप्स' लिहून आधीच तपासून घेणारी. त्यासाठी आधी सेटिंगची कॉन्फिग फाइल लिहा, मग साध्या जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल करा, लायब्ररीच्या टाइप्स वेगळ्या आणा आणि दिवसभर चुकांच्या लाल रेघा पुसत बसा. नवऱ्यापेक्षा वाजंत्रीच जास्त! २०२३मध्ये रेल्स ही वेब फ्रेमवर्क बनवणाऱ्या डीएचएचने (डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन) टर्बो ८ या लायब्ररीतून टाइपस्क्रिप्ट काढून टाकली, तो काय खुळा आहे?

डोंबिवली_फास्ट: जोरदार असहमती. आज छोटं आहे हो पान. उद्या सेक्रेटरी म्हणतील, पार्किंगचंही घाला. आमच्याकडे तेच झालं. मेंटेनन्स २५००, पार्किंग १५०. पार्किंगचा आकडा फॉर्ममधून आलेला, म्हणजे स्ट्रिंग, अर्थात मजकूर. बेरीज करायच्या जागी जावास्क्रिप्टने दोन्ही शेजारीशेजारी चिकटवले: २५००१५०. एका आजोबांना पंचवीस लाख दीडशेचं बिल गेलं! चावटपणा असा, की वजाबाकी केली तर हीच भाषा स्ट्रिंगचा गुपचूप आकडा करते. आम्ही टेस्टिंगला नेमकी सूट वजा करून पाहिली होती. 'टोटल'ला नंबर टाइप दिला असता तर लिहितानाच बोंब झाली असती.

गावठी_कोडर: आणि तोच आकडा सर्व्हरकडून आला असता तर? आलेला मजकूर उलगडणारं जेसन-पार्स तुमच्या हातात 'एनी', म्हणजे 'काहीही असेल' असा टाइप ठेवतं. एनी दिसला की टाइपस्क्रिप्ट डोळे मिटते. त्यावर 'ॲज बिल' (हे बिलच आहे असं समज) लिहून तुम्हीही मोकळे. प्रोग्रॅम चालताना टाइप्स उरतात कुठे? दारावर 'कुत्र्यापासून सावध'ची पाटी, आत कुत्राच नाही.

अर्धविराम: +१. फॉर्मच्या आकड्याला नंबर() लावून स्ट्रिंगचा खरा आकडा करायचा, विषय संपला.

गावठी_कोडर: थांबा, तुमच्या बाजूने नाहीये मी. नंबर()ला रिकामी चौकट दिली तर शून्य येतं, एरर नाही. आणि आजोबांनी मराठी कीबोर्डवरून देवनागरीत १५० टाइप केलं तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. हे मी भोगलंय.

डोंबिवली_फास्ट: पाटीचं मान्य. म्हणून बाहेरून येणारा डेटा आम्ही आता झॉड या लायब्ररीने तपासूनच आत घेतो. पण सहा महिन्यांनी एका फील्डचं नाव बदललं तेव्हा सतरा ठिकाणी लाल रेघा आल्या. साध्या जावास्क्रिप्टमध्ये त्या सतरा जागा मी शोधल्या नसत्या, सोसायटीने शोधल्या असत्या.

कटिंग_चहा: कंपाइलचा जाच तर कमी होत चाललाय. नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या २३.६ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालते. फक्त तो टाइप्स तपासत नाही, नुसत्या पुसून टाकतो. कंपायलरही गो भाषेत नव्याने लिहायला घेतल्याचं मार्च २०२५मध्ये जाहीर झालं, साधारण दहापट वेगाचा म्हणे. (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्ये परवडेना, यावर अर्धविरामांनी चार वाक्यं लिहावीत.)

अर्धविराम: लिहितो ना, सवडीने. पण मधला रस्ता आहेच की. फाइलच्या डोक्यावर टीएस-चेकची एक कॉमेंट टाकायची आणि टाइप्स जेएसडॉक पद्धतीच्या कॉमेंटमध्ये लिहायच्या. व्हीएस कोड हा एडिटर तपासतो, कंपाइल काही नाही. स्वेल्ट या वेब फ्रेमवर्कवाल्यांनी २०२३मध्ये त्यांचा कोड असाच फिरवला.

डोंबिवली_फास्ट: मग तुमच्या त्या चारशे ओळींवर टाका की ती कॉमेंट.

अर्धविराम: टाकली. अकरा लाल रेघा. दहा फालतू, "एचटीएमएल-एलिमेंटला व्हॅल्यू नसते" छापाच्या. अकरावी थकबाकीच्या दंडात. दोन दशांश दाखवायला टूफिक्स्ड लावलं होतं, ते स्ट्रिंग परत देतं आणि मी पुढे तीच बेरजेला घेतली. सोसायटीत अजून कोणाचं बिल थकलं नाही म्हणून वाचलो. पोराला सांगितलेलं नाही.