रोज नव्याने पटवणं, याला प्रेम म्हणायचं?

घोडबंदरकर:
रविवारी ट्रॅफिकपायी गडकरीतलं नाटक हुकलं, म्हणून घरी बसून '५० फर्स्ट डेट्स' (२००४) पुन्हा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हवाईत राहणाऱ्या ल्यूसीला अपघातानंतरचं काही लक्षात राहत नाही. झोपली की दिवस पुसला. प्राण्यांचा डॉक्टर हेन्री तिला रोज नव्याने पटवतो. बायको खो खो हसत होती, मला कसंतरीच झालं. कालचं सगळं त्याला ठाऊक, तिला शून्य. काय बोललं की ती खुलते हे तो पाठ करून येतो. पेपर फोडून परीक्षेला बसायचं आणि वर पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटायचे!

पाचपाखाडीची:
खोटं बाप आणि भाऊ बोलतात हो. अपघात झालाच नाही असं भासवायला रोज बापाचा तोच वाढदिवस, तिने रंगवलेली भिंत पुन्हा पांढरी. हेन्रीच व्हिडिओ करून तिला खरं काय ते दाखवतो.

घोडबंदरकर:
आणि तिने स्वतः ठरवून त्याला आयुष्यातून काढलं, रोजच्या नोंदींच्या वहीतूनसुद्धा, त्याचं काय? तिचा तो 'नाही' तिला आठवत नाही म्हणून संपला का? शेवटी थेट बोट, लग्न, अलास्का, मुलगी. एका सकाळी उठून कळतं, आपण आई आहोत!

पाचपाखाडीची:
तो परत गेला तेव्हा, तो कोण हे आठवत नसतानाही, ती त्याचीच चित्रं काढत होती.

मेंदूचा भुंगा:
सिनेमात ल्यूसीला झालेला 'गोल्डफील्ड सिंड्रोम' हा आजारच काल्पनिक आहे. हेन्री मोलेसन या खऱ्याखुऱ्या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर १९५३ मध्ये फिट्ससाठी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराच भाग गेला. त्याला नवी गोष्ट काही मिनिटंही टिकेना, रात्रीची वाट कशाला बघायची. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली, तेव्हा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. 'मी हे आधी केलंय' हे मात्र त्याला कधी आठवलं नाही. हाताला वळण लागतं ते असं. त्यावरून प्रियकराचा चेहरा काढण्यापर्यंतची उडी पटकथाकाराची.

नेरूळची सून:
आमच्याकडे सासूबाईंना डिमेन्शिया आहे. रोज संध्याकाळी विचारतात, "हे अजून आले नाहीत?" आधी आम्ही खरं सांगायचो, की बाबा गेले. त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडायच्या. आता सांगतो, लोकल लेट आहे. हार्बरवर विश्वास बसायला वेळ लागत नाही. त्या व्हिडिओतून ल्यूसीला रोज अपघात नव्याने कळतो, ते मला जास्त क्रूर वाटलं. बापाचं खोटं परवडलं.

घोडबंदरकर:
ताई, तुम्ही त्यांना सांभाळताय, पटवत नाही आहात. तुम्हाला त्यांच्याकडून काही मिळवायचं नाहीये.

नेरूळची सून:
नाही कसं? त्यांनी मला ओळखावं असं वाटतंच की. परवा माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, "ही नवीन बाई बरी आहे, हिला ठेव." पगाराचं मात्र कोणी बोलत नाही.