‘डुप्लेक्सिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: बिनतारी ब्रॉडबँडवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. टीडीडी (टाइम डिव्हिजन डुप्लेक्सिंग) आणि एफडीडी (फ्रीक्वेन्सी डिव्हिजन डुप्लेक्सिंग) यांतल्या ‘डुप्लेक्सिंग’साठी आधी ‘दुहेरीकरण’ लिहिलं होतं, पण पटेना. रेल्वेमार्गाचं होतं तसं इथे काही दुप्पट होतं का?

– दुप्पट काहीच होत नाही, त्यामुळे तो शब्द टाळाच. फोन पाठवतोही आणि ऐकतोही. त्याचं स्वतःचं प्रक्षेपण मनोऱ्याकडून येणाऱ्या क्षीण संदेशापेक्षा कोट्यवधी पटींनी जोरकस असतं. ते वेगळं ठेवलं नाही तर ऐकू काहीच येणार नाही. हे वेगळं ठेवणं म्हणजे डुप्लेक्सिंग. एफडीडीत दोन दिशांना वारंवारतेचे दोन वेगळे पट्टे मिळतात. १८०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात फोन १७१० ते १७८५वर पाठवतो, मनोरा १८०५ ते १८८०वर, मधले २० मोकळे.

– मग ‘द्विमार्गी’ चालेल?

– एफडीडीला चालेल, टीडीडीला नाही, कारण तिथे मार्ग, म्हणजे पट्टा, एकच. घाटात दुरुस्तीच्या वेळी एका बाजूची वाहनं थांबवून दुसऱ्या बाजूची सोडतात, तसं. शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत समोरच्यांना थांबावंच लागतं. टीडीडीतही दिशा बदलताना थोडा वेळ रिकामा ठेवतात, कारण रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. शेजारच्या मनोऱ्यांची घड्याळंही जुळलेली हवीत, नाहीतर एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळतं. भारतात २०१०च्या लिलावात २३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातले २० मेगाहर्ट्‌झचे सलग तुकडे विकले गेले, ते याच पद्धतीसाठी सोयीचे.

– ‘दुतर्फा’ सुचवू का?

– ‘रस्त्याच्या दुतर्फा झाडं’ म्हणतो ना आपण, तिथे अर्थ ‘दोन्ही बाजूंना’ असा. वाचक अडखळेल. मला ‘द्विदिश’ पटतो: संख्या मार्गांची नाही, दिशांची. ‘कालविभागी द्विदिश संप्रेषण’ आणि ‘वारंवारताविभागी द्विदिश संप्रेषण’. पहिल्या उल्लेखात एवढं लांब लिहा, पुढे टीडीडी, एफडीडीच ठेवा. अभियंते तेच बोलतात. नुसतं ‘डुप्लेक्स’ मात्र नको, आपल्याकडे त्याचा अर्थ दुमजली फ्लॅट असा रुजलाय.

– वॉकीटॉकी पण द्विदिशच ना?

– हो, पण ती बटण दाबून, माणसाच्या सोयीने आळीपाळीने. टीडीडीत दिशा काही मिलिसेकंदांत पालटते, म्हणून बोलणाऱ्याला दोन्हीकडचं एकदमच चाललंय असं वाटतं. शिवाय डाउनलोड जास्त असेल तर वेळेचा मोठा वाटा त्याला देता येतो. तुमच्या लेखात ही वाटणी आली असेल, तर तिथे ‘आळीपाळी’ हा शब्द जरूर वापरा.