गणपतीत ‘शोला जो भडके’ लावायचं की नाही?

अनघा_बोरिवली

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या रात्री जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. यंदा निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. यादीत पहिलंच गाणं ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’. त्यावर कमिटीतले एक काका म्हणाले, “ते क्लबातलं संगीत, गोव्याच्या बँडवाल्यांचं. गणपतीत आपलं काहीतरी घ्या.”

मी म्हटलं, काका, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं. गायलेत ते स्वतः आणि लताबाई. नाचलेत भगवानदादा पालव. अजून किती आपलं हवं? तर म्हणे, “चाल त्यांची असेल, वाजवलंय कोणी ते बघा.”

म्हणून विचारते. त्या काळी वाजवणारे खरंच बरेचसे गोव्याचे होते का? असतील तर तेच का? आणि ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’मधला अँथनी खराखुरा माणूस होता असं दीर सांगतात, ते खरं की पुडी? दोन गाण्यांच्या मधे मला जेमतेम मिनिटभर मिळतं, तेव्हा कृपा करून विकिपीडिया चिकटवू नका.

मागची_रांग

ताई, तुमच्या काकांची माहिती बरोबर आहे, फक्त निष्कर्ष उलटा काढलाय.

मी गिरगावातला. सत्तरच्या दशकात रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचो, नेहमी मागच्या रांगेत, त्यामुळे नाव कुठे सापडणार नाही, शोधू नका. शिकलो धोबी तलावाला, एका गोवेकर सरांकडे. ते राहायचे कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या क्लबात: एकेकाची ट्रंक भिंतीला लावलेली, मधे अल्तार, म्हणजे प्रार्थनेची वेदी, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्स संपेपर्यंत मी जिन्यात बसायचो. मग व्हायोलिनची केस उघडायची. चुकलं की सर कोकणीतून झापायचे आणि माझी आजी मालवणची असल्यामुळे मला ते सगळं नीट कळायचं.

आता ‘तेच का’ याचं उत्तर. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणीच पाश्चात्य नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचायला शिकवत. आपल्याकडचे संगीतकार पेटीवर चाल सांगणार, पट्टी सांगताना ‘काळी दोन’ म्हणणार, सरगम वहीत लिहिणार. पण समोर तीसचाळीस वादक बसवून सगळ्यांकडून एकाच वेळी वेगवेगळं वाजवून घ्यायचं तर प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा कागद हवा. तो लिहू शकणारा आणि बघताक्षणी वाजवू शकणारा माणूस बहुतेकदा गोव्याचा असे. अॅरेंजर चाल ऐकून सगळ्या वाद्यांचं लिहायचा, कॉपीस्ट प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवायचा. ऐनवेळी गायकाने पट्टी बदलली की सगळे कागद पुन्हा. आमच्या स्टँडवर पेन्सिल आणि खोडरबर कायम. गाणं सलग एकदम रेकॉर्ड व्हायचं. मागच्या रांगेतला एक जण घसरला की लताबाईंनाही पुन्हा गावं लागे, आणि मग तो एक जण दिवसभर कोणाच्या डोळ्यांना डोळा देत नसे.

दुसरं कारण दारूबंदी. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. हॉटेलांतल्या, क्लबांतल्या बँडच्या पोटावर पाय आला तसे बरेच वादक स्टुडिओकडे वळले.

अँथनी गोन्साल्विस अगदी खरे, माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि संगीत त्या जोडीचंच, म्हणून १९७७ च्या त्या गाण्यात गुरूचं नाव आलं. याच गोन्साल्विसनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आपले राग त्या वाद्यांवर, आणि गायला लताबाई व मन्ना डे. गाण्यात मात्र त्यांच्या नावावर अमिताभ अंड्यातून बाहेर येतो. असो.

शंकेखोर

सगळं ठीक, पण हे लोक पैशासाठी वाजवायचे. शिफ्ट संपली की घरी. त्यात ‘विविधतेतून एकता’ वगैरे निवेदनात घुसवू नका म्हणजे झालं.

मागची_रांग

घुसवूच नका, मी कधी म्हटलं? पैशासाठीच वाजवायचो. शेजारी गोवेकर, पलीकडे पारशी, ढोलकवर मराठी, सारंगीवर मुसलमान खाँसाहेब. एकमेकांचे सण किती जणांना माहीत होते देव जाणे. पण चहाच्या सुट्टीत तो खाँसाहेब माझ्या सरांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कशी घ्यायची ते गाऊन दाखवत होता आणि सर ती व्हायोलिनवर कुठल्या बोटाने येईल ते शोधत होते. पुढच्या टेकला ती लागणारच होती ना! प्रेमापोटी कोणी कोणाचं शिकलं नाही, कामापोटी शिकलं, आणि म्हणून नीट शिकलं.

पारशी म्हणजे कोण, असं विचाराल. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी व बर्जोर. ‘रूप तेरा मस्ताना’मधलं अॅकॉर्डियन केर्सींचं. शंकर-जयकिशनचे अॅरेंजर सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, फाळणीआधी लाहोरला बँड चालवायचे. आमच्या सरांच्या तोंडी सेबॅस्टियन म्हणजे पोप.

लालबागचा_बेंजो

काकांना एक विचारा: आगमनाला बेंजो पार्टी चालते का? चालत असेल तर सांगा की आम्ही ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग मूळ जपानचं, तिथल्या ताइशोगोतोवरून आलेलं. आमचा कीबोर्डवालाही जपानीच वाजवतो, यामाहा 😄 आणि मिरवणुकीत काका जे दोन हात वर करून, कंबर हलवत पुढे सरकतात ती स्टाईल भगवानदादांचीच.

अनघा_बोरिवली

भगवानदादांबद्दलचं वाक्य मी चोरलं. काका नाचतात ते तस्संच!

काकांना मागची_रांग यांचं सगळं वाचून दाखवलं. दारूबंदीचं ऐकून खूश झाले, का ते कळलं नाही. गाणं राहिलंय, पण अट अशी की आधी एक अभंग. चालेल. आता एकच: पडद्यावर गाणं दाखवणार आहोत, तर त्यात कोणाकडे बोट दाखवू?

मागची_रांग

बोट राहू द्या, ट्रम्पेट ऐकू येईल तेव्हा चिक चॉकलेटचं नाव सांगा. खरं नाव अंतोनियो शावियेर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. तो आणि त्याचा बँड पडद्यावर बघायचा तर याच ‘अलबेला’तलं ‘दीवाना परवाना’ बघा, तिथे नटांच्या हातात नुसती वाद्यं दिलेली नाहीत. नाव गाणं सुरू व्हायच्या आधी घ्या हो ताई, नंतर टाळ्यांत ऐकू जात नाही. आणि साउंडवाल्याला सांगा, बास कमी ठेव, नाहीतर ट्रम्पेट बुडेल.