मदत हवी आहे: टेबलावरचा इंटरफेरोमीटर 'लॉक' होत नाही, बझर शिट्टी मारतो

नमस्कार मंडळी,

मी हिंगोली जिल्ह्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतंय, २०२३ साली केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, हे पोरांना पाठ आहे. पण चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढा फरक कसा पकडतात, हे फळ्यावर सांगून पोचत नाही. म्हणून विज्ञान दिनासाठी छोटा मायकेलसन इंटरफेरोमीटर जोडलाय, म्हणजे लेसरचा किरण दोन भुजांत वाटून आरशांवरून परत एकत्र आणायचा.

कडप्प्याची फरशी, खाली स्कूटरची कमी हवेची ट्यूब, जुना हेलियम-निऑन लेसर, भुजा ३० सेंमीच्या. उजेड-अंधाराच्या पट्ट्या सुरेख दिसतात. एका पोरीनं फरशीवर नुसता अंगठा टेकवला तर दोन पट्ट्या सरकल्या. आरसा ३१६ नॅनोमीटर हलला की एक पट्टी, हे गणित तिनंच वर्गाला सांगितलं. तो दिवस मी विसरणार नाही.

आता अडचण. एक आरसा पिएझो बझरच्या चकतीवर (व्होल्टेज दिला की ती किंचित वाकते) दुहेरी टेपनं चिकटवलाय. फोटोडायोडचा (उजेड मोजणाऱ्या भागाचा) व्होल्टेज ऑप-अँप या सिग्नल वाढवणाऱ्या चिपमधून बझरला परत देतो, म्हणजे पट्टी उजेड-अंधाराच्या मधोमध धरून ठेवता येईल, म्हणजेच 'लॉक' होईल. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) कमी ठेवला तर पाच-सात सेकंदांत पट्टी निसटते. वाढवला की बझर शिट्टी मारतो, स्कोपवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास लाट दिसते. तारा उलट्या करून पाहिल्या, वर खोकंही झाकलं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
सर, ती चकती आणि आरसा यांची स्वतःची कंपनसंख्या आहे. तिथे कला (फेज) उलटते, त्यामुळे तुमची दुरुस्ती झोपाळ्याला झोका दिल्यासारखी लागते. ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये रोधाच्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, इनपुटला १०० किलोओहम. सावकाश सरकण्याला पूर्ण जोर मिळेल, ३ किलोहर्ट्झला जवळजवळ काहीच नाही. टेप काढा, हलका आरसा अरल्डाइटच्या पातळ थरानं चिकटवा. लायगोतही आरसे ज्या काचतंतूंवर टांगलेत ते ५०० हर्ट्झच्या आसपास वाजतात, नियंत्रणातून ती कंपनं गाळावी लागतात.

धागाकर्ता:
मनापासून आभार. कपॅसिटर लावताच शिट्टी बंद झाली. आज चार मिनिटं लॉक टिकला, मग बाहेरून ट्रॅक्टर गेला. आरसा उद्या चिकटवतो. ट्यूबऐवजी फरशी दोरांवर टांगली तर फरक पडेल का?