मदत हवी आहे: आरएएस (तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या) मत्स्यटाकीत संध्याकाळी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पडतो

नमस्कार मंडळी,
उरुळी कांचनजवळ शेडमध्ये छोटं आरएएस युनिट आहे. ४० हजार लिटरची गोल टाकी, गिफ्ट जातीचा तिलापिया मासा, अंदाजे टनभर माल, रोज १५ किलो खाद्य, सकाळ-संध्याकाळ. गाळ काढायला ड्रम फिल्टर, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा बायोफिल्टर आणि हवेच्या ब्लोअरवर बुडबुडे सोडणारे एअर स्टोन. थंडीत तक्रार नव्हती. आता पाणी ३० अंशांवर गेलंय आणि संध्याकाळचं खाद्य टाकलं की तासाभरात डीओ लिटरला ५ मिलिग्रॅमवरून ३.५ वर. मासे इनलेटच्या तोंडाशी गर्दी करतात, खाद्य अर्धवट सोडतात. पहाटे बघावं तर पुन्हा ५. शेततळ्यावाले नेमकं उलटं सांगतात, शेवाळामुळे पहाटे डीओ पडतो म्हणून, पण इथे शेवाळच नाही.

विक्रेता म्हणतो, दुसरा ब्लोअर घ्या. पण या तापमानाला, पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर, हवेतून पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो ना? कोविडनंतर दवाखान्यांचे जुने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर स्वस्तात मिळतायत, ते चालतील का? आणि गुरुवारी लाईट गेली, तर जनरेटर सुरू होईपर्यंत काय करायचं?

प्रतिसाद १:
दादा, आधी खाद्य सहा वेळा विभागून द्या, फुकटातला उपाय आहे. किलोभर खाद्यामागे ढोबळमानाने अर्धा किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे तुमचे दिवसाचे सात-साडेसात किलो. त्यातला मोठा भाग दोनच वेळेला मागितला जातोय. डीओ बायोफिल्टरच्या आधी आणि नंतर मोजा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला तिथले जिवाणू साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खातात, आणि आत गाळ साचला असेल तर तो खातो ते वेगळंच. डीओ मीटरमध्ये जागेची उंची टाकली आहे ना?

कॉन्सन्ट्रेटर चालतो. पण उथळ टाकीत स्टोनवर सोडलात तर बुडबुडे वर येऊन हवेतच जातात. पंपाच्या लाईनवर ऑक्सिजन कोन (ऑक्सिजन पाण्यात विरघळवणारं शंकूच्या आकाराचं भांडं) बसवा. ब्लोअर मात्र बंद करू नका, कार्बन डायऑक्साइड तोच बाहेर काढतो. तो साठला की डीओ ६ असूनही मासे धापा टाकतात.

प्रतिसाद २:
लाईटचं गणित सांगतो. घनमीटरला २५ किलो मासा म्हणजे लाईट गेल्यावर डीओ ५ वरून २ वर यायला अर्धा तासही लागत नाही, पोट भरलेलं असेल तर आणखी लवकर. ऑक्सिजन सिलिंडरला सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह लावा, करंट गेला की उघडणारा, उलटा नको. गुरुवारी सकाळचं खाद्य द्यायचंच नाही.

बाकी, नायट्राइट किती येतंय? ते वाढलं की माशाच्या रक्ताला ऑक्सिजन नीट वाहता येत नाही. कल्ले उचलून बघा, लालऐवजी तपकिरी दिसतात का?